दुसऱ्या प्रतीचं आकाश

फेरिस डालग्रेनला नारिंगी रंग येत असे. बाकीचे रंगही येत, पण ते कुणालाही येतात. नारिंगी मात्र त्याचा स्वतःचा होता. मधोमध जवळजवळ पांढरा, मग लिंबाच्या सालीचा पिवळा, मग तो पिवळा कुठे संपला हे कळू न देता आलेला नारिंगी, आणि कडेला जळत आलेल्या निखाऱ्याची एक रेघ. त्याचं संत्रं बघितलं की ते आतून पेटलंय असं वाटायचं.

आमच्या सॅन फर्नांडोच्या खोऱ्यात तेव्हा बागाच बागा होत्या. फळं लाकडी पेट्यांत भरून आगगाडीनं पूर्वेकडे जात आणि प्रत्येक पेटीच्या तोंडावर खळीनं एक मोठं रंगीत लेबल चिकटवलेलं असे. फेरिस एका छापखान्यात बसून ती लेबलं काढायचा. घोड्यावरची मुलगी, बर्फाचा डोंगर, मोर, जहाज, गिऱ्हाईक सांगेल ते. पण पुढे कोपऱ्यात संत्रं हवंच, आणि मागे रंग हवा. खरी गोष्ट त्या मागच्या रंगात असे. निळा म्हणजे पहिली प्रत, साल गुळगुळीत, डाग नाही. लाल म्हणजे दुसरी प्रत, सालीवर फांदी घासल्याचा ओरखडा किंवा एखादा चट्टा, आत रस तोच. लिलावातले व्यापारी लांबून मागचा रंग बघत आणि बोली लावत. घोड्यावरची मुलगी कधी कुठे नव्हतीच, तिच्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. रंग खोटा निघाला तर मात्र त्या बागेचं नाव बुडे.

त्याची बायको ओपल ही पॅकिंगच्या शेडमध्ये प्रतवारीला उभी असायची. सरकत्या पट्ट्यावरून फळं येत आणि तिचे हात त्यांना डावी-उजवीकडे वळवत. डोळे दुसरीकडे असले तरी चालायचं, ती मैत्रिणींशी बोलत असे. "साल बोटांना कळते," म्हणायची. लग्नानंतर ही निळ्या-लालची भाषा घरात शिरली. ओपलनं केलेला केक चांगला फुगला तर तो निळा. चर्चमधल्या नव्या पाद्र्याचं पहिलं प्रवचन लाल. मुलगी ज्यूनी मोठी झाली आणि एका रविवारी रॉइस टटल नावाच्या लांबलचक हातांच्या मुलाला जेवायला घेऊन आली. तो गेल्यावर तिनं भांडी पुसता पुसता विचारलं, "मॉम, निळा की लाल?"

"लाल," ओपल म्हणाली. "बोलताना घास तोंडात असतो, आणि बुटांना ग्रीस. पण गोड निघेल."

रॉइसला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की खुर्ची मागे कलंडली. त्याची आई त्याच शेडमध्ये होती. लहानपणी त्यानं पेट्यांवर लेबलं चिकटवली होती, त्यातली काही फेरिसचीच असणार. मग लग्नानंतर घरात शिरताना तो दारातूनच ओरडायचा, "लाल जावई आलाय हो, मिस्टर डालग्रेन! मागच्या दारानं येऊ का?"

"पुढच्यानं ये. आणि फेरिस म्हण," फेरिस म्हणायचा.

"नाही जमत बुवा. तुमच्या लेबलांना मी खळ लावलीय. साहेबच तुम्ही."

मग पुठ्ठ्याची खोकी आली. पुठ्ठ्यावर नुसता शिक्का उठवला की काम भागतं, त्याला लेबल लागत नाही. छापखान्यानं दार बंद केलं. बागाही जाऊ लागल्या. झाडं मुळांसकट उपटून ढीग घालत आणि पेटवत, आणि खोऱ्यात कित्येक दिवस गोड धुराचा वास राही. त्या मोकळ्या जमिनींवर लांब, बिनखिडक्यांच्या इमारती उठल्या. आत रॉकेटची इंजिनं बनत होती. संध्याकाळी डोंगरामागच्या चाचणीतळावर ती पेटवून बघत, तेव्हा आकाश नारिंगी होई आणि घराघरांतली कपाटं थरथरत. लोक जेवताना सवयीनं ग्लासवर हात ठेवत, थरथर थांबेपर्यंत बोलणं थांबवत, आणि मग अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पूर्ण करत.

फेरिसची पन्नाशी उलटली होती. पेट्रोलपंपांच्या पाट्या रंगवण्याची पाळी आली असती. पण ब्रॅडिंग नावाच्या इंजिन कंपनीच्या जाहिरात खात्यात लाइल बॅस्कम होता. चाळिशीचा, बो-टाय लावणारा, सतत टेबलाच्या कडेवर बसणारा. त्यानं फेरिसची लेबलं एकामागून एक जमिनीवर मांडली आणि एका संत्र्यावर बूट टेकवला.

"हे," तो म्हणाला. "हे मला एका मोठ्या घंटेच्या तोंडातून बाहेर पडताना हवंय. काढशील?"

"घंटा कसली?"

"इंजिनाचं तोंड रे. काढशील का, संत्रेवाल्या?"

तेव्हापासून तो संत्रेवाला झाला. इंजिनांची चित्रं मासिकांत दोन-दोन पानं भरून येत. गंमत अशी की ती घेणारं गिऱ्हाईक एकच होतं, सरकार, आणि सरकारला ती मासिकाच्या जाहिरातीतून विकत घ्यायची गरज नव्हती. पण प्रत्येक कंपनी काढायची म्हणून ब्रॅडिंगही काढायची. अजून न बनलेली यानं, अजून कुणी न पाहिलेले ग्रह, आणि खाली, खोऱ्यातल्या एखाद्या शेडमध्ये नुकतं कुठे जोडलेलं इंजिन.

फेरिसला ते इंजिन नीट बघायलाही मिळत नसे. फोटो येत, पण गुपित भागांवर सुरक्षेच्या माणसानं काळी पट्टी चिकटवलेली असे. "इथे काय काढू?" त्यानं सुरुवातीला विचारलं होतं.

"जिथे लपवायचंय तिथे उजेड ओत," बॅस्कम म्हणाला. "लोक उजेडाकडे बघतात. उजेडाच्या आत कोण बघतंय?"

फेरिस त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिला. लेबलावर संत्र्याचा देठ नीट जमत नसे तेव्हा तोही त्यावर एक पान टाकायचा. म्हणजे ही युक्ती त्याला नवी नव्हती. तरी पानानं देठ झाकणं आणि आगीनं यंत्र झाकणं यात काहीतरी फरक असावा असं त्याला वाटे. तो फरक त्याला कधी शब्दांत पकडता आला नाही.

पार्श्वभूमी मात्र तो नेहमी निळीच करी. खाली जवळजवळ काळी, वर उघडत जाणारी, पॅकिंग-शेडची जुनी निळी. बॅस्कमला वाटे, अंतराळ आहे म्हणून. घरी पहिलं छापलेलं पान दाखवलं तेव्हा ओपलनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अजून पहिली प्रतच विकतोयस होय?"

"मालात खोट असल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही," फेरिस म्हणाला.

रॉइस त्याच कंपनीत लागला, डोंगरातल्या चाचणीतळावर. इंजिन लोखंडी मनोऱ्यात टांगायचं, नळ्या जोडायच्या, नळ्यांच्या तोंडांवरची लाल फितीची बुचं पेटवण्याआधी काढून घ्यायची, आणि मग बंकरमध्ये पळायचं. रविवारी तो हातवारे करून सांगायचा. "पेटल्यावर ते गुरगुरतं, मिस्टर डालग्रेन. गुरगुरणं ठीक. पण हे नवं जे आहे ना, ते मधेच किंचाळायला लागतं. दातांत कळ जाते."

"मग थांबवत नाहीत?"

"थांबवतात. वरचे साहेब कान खाजवतात. परत पेटवतात."

वसंतात एका संध्याकाळी कपाटं थरथरली आणि थरथर मधेच तुटली. ओपलचा हात ग्लासवर होता. तिनं तो उचलला नाही. थोड्या वेळानं डोंगरामागून काळा धूर वर आला आणि रस्त्यातल्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

इंजिन मनोऱ्यातच फुटलं तेव्हा बाकीचे बंकरमध्ये पोहोचले होते, रॉइस दारात होता. डावा हात खांद्यापर्यंत भाजला, कानाची पाळी गेली, गालावर जबड्यापर्यंत चट्टा उमटला. जीव वाचला. तो घरी आला तेव्हा कंपनीनं चौकशी उरकली होती. इंजिनात काही खोट नाही, असं तिचं म्हणणं. एका नळीचं बूच तसंच राहिलं होतं, आणि त्या दिवशी बुचं काढायला रॉइस होता.

"काढली होती मी," तो म्हणाला. फेरिसच्या स्वयंपाकघरात उभा होता, बसत नव्हता. "सगळी काढली. खिशात टाकली. दवाखान्यात पँट कापून फेकली, त्याला मी काय करू? पण हाताला आठवतंय. फीत ओढली की बोटाला एक झटका बसतो. तो बसला होता, सगळ्यांचा बसला होता."

ज्यूनी वडलांकडे बघत होती.

"डॅडी," ती म्हणाली, "तुला वाटतं का, यानं केलं?"

फेरिसला बोलता येत नसे अशातला भाग नाही. पण त्याला नको तिथे प्रामाणिक राहायची खोड होती. "मला इंजिनातलं काय कळतं, ज्यूनी," तो म्हणाला. "मी तर पट्टीखालचंही पाहिलेलं नाही."

रॉइसनं मान हलवली, जणू दुकानात मागितलेली वस्तू नाही असं सांगितलं होतं. टोपी घेतली. "बरोबर आहे, मिस्टर डालग्रेन," तो म्हणाला आणि या वेळी त्या 'मिस्टर'मध्ये थट्टा नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. ज्यूनी एकटी आली, जेवली, भांडी पुसली. त्याला कामावरून काढलं होतं, आणि खोऱ्यातल्या दुसऱ्या कुठल्याही इंजिन कारखान्यात बूच विसरणाऱ्या माणसाला कुणी दारात उभं करत नव्हतं. तो एका पेट्रोलपंपावर गाड्यांच्या काचा पुसत होता, उजव्या हातानं.

"तू नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" रात्रीच्या जेवणाची पानं घेताना ओपलनं विचारलं.

"मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं. मी फळं कापून बघत होते का कधी?"

काही आठवड्यांनी बॅस्कम टेबलाच्या कडेवर येऊन बसला. "संत्रेवाल्या, मोठं काम. तेच इंजिन. धुराच्या बातम्या पसरल्यात ना, त्या पुसायच्या. दोन पानं, मधोमध इंजिन, एकटं, भव्य. वर मोठ्या अक्षरांत, 'एकही डाग नाही'."

"काय?"

"एकही डाग नाही. कसं आहे? माझंच आहे."

फेरिसनं ब्रश पाण्यात बुडवला आणि बुडवूनच ठेवला. "माझा जावई होता तिथे, लाइल."

बॅस्कमचा चेहरा खरोखर उतरला. तो वाईट माणूस नव्हता. "माहीत आहे रे. वाईट झालं. पण चूक माणसाची होती, मालाची नाही, हे तर तुझ्याच..." तो थांबला. "हे बघ, नको असेल तर शिकागोच्या एका चित्रकार पोराला देतो. पण मग वरचे विचारतील, डालग्रेन का नाही म्हणाला. काय सांगू?"

घरी फेरिसनं हे ओपलला सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"नाही म्हणालास तर तो पोरगा काढेल," ती म्हणाली. "आणि त्याला काय, तो निळ्यावर काढेल. त्याला कुठे ठाऊक निळं म्हणजे काय ते."

"कुणाला ठाऊक आहे आता?"

"आपल्याला," ओपल म्हणाली. सोललेला बटाटा तिनं बोटांत एकदा फिरवला आणि पाण्यात टाकला. "आणि त्याला. रॉइसला."

इंजिन काढायला त्याला पुष्कळ दिवस लागले. पूर्वी कधी काढलं नव्हतं इतकं नीट त्यानं ते काढलं, त्यात सूड नव्हता. घंटेच्या भिंतीतली एकेक नळी, नळीवर पडलेली उजेडाची एकेक रेघ. मग तोंडातून निघणारी ती ज्वाला, पांढरी, पिवळी, नारिंगी. हे सगळं करताना त्याला थोडी लाज वाटली, कारण ते सुंदर होत होतं. ज्या वस्तूनं रॉइसच्या कानाची पाळी नेली तिच्यावर त्याचा हात प्रेमानं फिरत होता. हाताला राग धरता येत नाही. बहुधा म्हणूनच चित्रकाराला कुणीही विकत घेऊ शकतं, असं त्याला वाटलं, आणि हा विचार त्यानं फार लांबवला नाही.

शेवटी पार्श्वभूमी उरली. इंजिनावर त्यानं पातळ चिकट कागद पसरला, धारदार सुरीनं कडेकडेनं कापला, म्हणजे फवाऱ्याचा रंग आत शिरू नये. कंप्रेसर घुरघुरायला लागला. निळा कालवून तयार होता. त्यानं तो एअरब्रशच्या वाटीत ओतला, बोट खटक्यावर ठेवलं, आणि बोट दाबलं जाईना.

तो काही फार मोठा विचार करत होता असं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शेडमधला सरकता पट्टा होता आणि त्यावरून फळं येत होती. त्यातलं एक किंचाळत होतं, आणि सगळे साहेब कान खाजवत होते. एक चट्ट्याचं होतं. ते डावीकडे टाकायचं की उजवीकडे, एवढंच हाताला विचारलं जात होतं. निळ्यात टाकलं तर लेबल म्हणणार, इथे खोट नाही. मग खोट कुठे? मग ती एका माणसाच्या खिशात, कापून फेकलेल्या पँटमध्ये. कुणीतरी एकानं डागाचं असणं भाग होतं. आणि लाल म्हणजे काही शिवी नव्हती. लाल म्हणजे फक्त, ओरखडा आहे, आम्ही तो झाकलेला नाही, घ्यायचं तर बघून घ्या.

त्यानं वाटी धुतली. पाणी निळं झालं, मग फिकट, मग स्वच्छ. मग त्यानं लाल कालवला. छापखाना बंद झाल्यापासून तो लाल त्यानं कालवला नव्हता, तरी प्रमाण चुकलं नाही. फवाऱ्याखाली आकाश भरत गेलं, खाली वाळलेल्या रक्तासारखं, वर उघडं, धगधगीत. कागद सोलून काढल्यावर इंजिन मधोमध उभं होतं, भव्य, निर्दोष दिसणारं, दुसऱ्या प्रतीच्या आकाशात.

बॅस्कम टेबलाच्या कडेवर बसला आणि मान तिरकी करून चित्र बघू लागला. फेरिसनं टेबलाचा खण उघडून आपले चांगले ब्रश एका फडक्यात गुंडाळायला घेतले. ते घरी न्यावे लागतील अशी त्याची तयारी होती.

"मंगळ!" बॅस्कम ओरडला.

"काय?"

"अरे, मंगळ! संत्रेवाल्या, तू मंगळ काढलास! सगळे निळ्यात पोहतायत आणि तू तांबड्या ग्रहावर नेऊन ठेवलंस इंजिन!" तो टेबलावरून उतरला. "हे इंजिन मंगळावर जाणारं नाही, ते सोड. पण जाईल! का नाही जाणार? थांब, वरच्यांना बोलावतो."

वरचे आले. त्यांनाही मंगळ दिसला. एकजण म्हणाला, त्याच्या अंगावर काटा आला. 'एकही डाग नाही' हे शब्द त्या लालवर पांढऱ्या अक्षरांत घातले गेले, खाली मंगळाबद्दल चार ओळी नव्यानं लिहिल्या गेल्या आणि बॅस्कमनं फेरिसच्या पाठीवर थाप मारली. फेरिसनं ब्रश पुन्हा खणात ठेवले. त्यानं ओपलला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग हसायची थांबली.

"मग तुझं लाल गेलं कुठे?"

"मंगळावर," फेरिस म्हणाला.

हे त्याला फार लागलं. ओरडायला जावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, तसं काहीसं. खरं सांगणारा रंग त्यानं वापरला होता आणि तो खोट्याच्याच कामी आला होता. उजेडात लपवता येतं हे बॅस्कमनं त्याला शिकवलं होतं. उघड्यावर मांडलेलंही लपतं, हे त्याला आता कळलं. वाचणारी माणसं संपली की अक्षरांची नक्षी होते. बागा गेल्या, शेड गेली, लिलावात लांबून रंग बघणारे ते व्यापारी गेले.

मासिक निघालं. बॅस्कमनं एक प्रत भिंतीवर लावली. फेरिसनं घरी आणली नाही.

पुढच्या रविवारी ओपलनं मांस भट्टीत टाकलं होतं, ज्यूनी घेवडा मोडत होती, आणि पुढच्या दाराशी कुणीतरी बूट पुसले. दार उघडं होतं तरी तो आत आला नाही.

"लाल जावई आलाय," रॉइस म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "कुठल्या दारानं येऊ?"

"आलास तेवढं पुरे, कुठल्याहीनं ये," ओपल म्हणाली आणि पाठ फिरवून भट्टीत काहीतरी बघत राहिली.

त्याच्या काखेत ते मासिक होतं, पेट्रोलच्या वासाचं. ते त्यानं टेबलावर उघडून ठेवलं. गालावरचा चट्टा आता गुलाबी पडला होता, चकाकत होता. "एका माणसाच्या गाडीत पडलं होतं. काच पुसताना दिसलं," तो म्हणाला. "मागून घेतलं. तो म्हणाला, घे, मंगळाचं फार झकास चित्र आहे त्यात."

"सगळे तसंच म्हणतात," फेरिस म्हणाला.

"हा मंगळाचा लाल नाही."

फेरिसनं मान वर केली.

"मी दुसरीत होतो तेव्हा या लालला खळ लावलीय," रॉइस म्हणाला. त्यानं भाजलेल्या हाताचं एक बोट आकाशावर ठेवलं. बोट पूर्ण सरळ होत नव्हतं. "आई ओरडायची, निळ्याच्या पेटीला लाल लावलंस तर साहेब मला घरी पाठवील. मला अजून स्वप्नात येतं." मग तो थांबला. "तुम्हाला घरी पाठवलं नाही?"

"त्यांना मंगळ आवडतो."

ज्यूनी हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रॉइसनं खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला.

"मग आता सांगा," तो म्हणाला. "मी काढली होती बुचं, असं वाटतं तुम्हाला?"

फेरिसला आधीचंच उत्तर देता आलं असतं, ते अजूनही खरं होतं.

"मला माहीत नाही, रॉइस," तो म्हणाला. "मी तिथे नव्हतो. पण निळा भरून तयार होता आणि माझं बोट दाबलं गेलं नाही. तुझ्या हाताला आठवतंय म्हणालास ना. माझ्या हाताला पटलंय. माझ्याकडे तेवढंच आहे."

रॉइसनं मासिक मिटून खिडकीत ठेवलं आणि तो बसला. ओपलनं मांस आणलं, बटाटे आणले. कुणीतरी प्रार्थना म्हटली. पहिला घास घेतला तोच डोंगरामागून गुरगुर सुरू झाली. रविवारीही ते थांबत नसत आता. कपाटं थरथरू लागली. तिघांचे हात आपोआप ग्लासांवर गेले. रॉइसचा गेला नाही. तो कान देऊन ऐकत होता, ज्या बाजूला पाळी नव्हती तो कान, आणि तोंडातला घास चावायचा थांबला होता.

फेरिसनं दुसरा हात लांब करून त्याचाही ग्लास धरून ठेवला.

"गुरगुरतंय," रॉइस शेवटी म्हणाला. "किंचाळत नाहीये."

"घास गिळ आणि मग बोल," ओपल म्हणाली.

"फेरिस," रॉइस घासासकटच म्हणाला, "ते मीठ द्या इकडे."